ट्रॉलीच्या लाइटचं वायरिंग: पाण्याला आणि हादऱ्याला टिकणारे जोड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

साखर कारखान्याच्या मोळीचा, म्हणजे गाळप सुरू करण्याचा, मुहूर्त ठरला की आमच्या दुकानासमोर ट्रॉल्या उभ्या राहायला लागतात. तक्रार ठरलेली: "गेल्या साली तर नवं वायरिंग केलं होतं, एक हंगाम टिकलं नाही." वायर बघितली तर चांगली असते, बल्बही चांगले असतात. गेलेला असतो तो जोड. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांनी वर्षानुवर्षं विचारलेले प्रश्न इथे उतरवले आहेत. पाण्याची टँकर-ट्रॉली, मळणी यंत्र किंवा पिकअपमागे जोडलेली छोटी गाडी असेल, तरी बहुतेक सगळं तसंच लागू होतं.

जोड खराब होतो म्हणजे नेमकं काय होतं?

मागच्या महिन्यात एका ट्रॉलीचा जोड मी ब्लेडने उभा चिरून मालकाला दाखवला. वर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली. तिच्याखाली काळी टेप, गोंद सुटून चिकचिकीत झालेली. त्याच्याखाली पिळलेल्या तारा, आणि तारांवर हिरवी भुकटी. बोटाने चोळली तर निम्म्या तारा भुकटीबरोबरच गळून पडल्या. पट्टीच्या आत पाण्याचा थेंब तसाच होता. बाहेर ऊन तापलेलं, आणि आत ओल!

पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, ते घरात सगळ्यांना माहीत असतं. इथेही तेच होतं. उसाचा रस थोडा आंबट असतोच, सांडून आंबला की आणखी आंबट होतो. तो, चिखल आणि धुण्याचं पाणी मिळून तांब्याला खातात. हिरवा थर विजेला अडवतो, जोड तापतो, तापला की थर आणखी वाढतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. वायरमध्ये बारीक तारांचा जुडगा असतो, आणि कंदिलाची वात रॉकेल ओढते तसा तो पाणी ओढतो. एका टोकाने शिरलेलं पाणी आवरणाच्या आतून वीतभर, हातभर पुढे जातं. म्हणून जुना जोड कापून नवा करताना तार काळी लागली, तर चकाकणारं तांबडं तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. काळ्या तारेवर केलेला जोड कितीही चांगला केला तरी फुकट.

आमच्या बोअरच्या मोटरचा जोड तर कायम पाण्यातच असतो, तो दहा वर्षं टिकतो. मग ट्रॉलीचाच का जातो?

हा प्रश्न विचारणाऱ्या काकांना मी चहा पाजला होता, कारण उत्तर त्यातच आहे. बोअरचा जोड करताना तुम्ही तार घासून स्वच्छ करता, नीट पिळता, रबरी टेप ताणून थरावर थर देता आणि तासभर त्याच कामाला बसता. मोटर पुन्हा वर काढायची म्हणजे किती कटकट, हे माहीत असतं. शिवाय खाली गेल्यावर तो जोड हलत नाही.

ट्रॉलीचा जोड संध्याकाळी, खेप निघताना, पाच मिनिटांत होतो. तार दाताने सोलायची, दोन पीळ, वर टेप. मग तोच जोड भरल्या ट्रॉलीखाली, रानातल्या गाडीवाटेवर चार-पाच महिने रात्रंदिवस हादरत राहतो. पाण्यापेक्षा हादऱ्याने जास्त जोड जातात असं माझं मत आहे. हादऱ्याने आधी फट पडते, पाणी त्या फटीतून मागाहून येतं.

मग सगळ्यात टिकाऊ जोड कोणता?

जो केलाच नाही तो. चेष्टा नाही ही. ट्रॅक्टरच्या सॉकेटपासून मागच्या दिव्यापर्यंत वायर अखंड ओढली, तर मध्ये बिघडायला काही उरतच नाही. लोक पंचवीस-तीस फुटांची वायर वाचवायला शिल्लक तुकडे जोडतात आणि एका ट्रॉलीत आठ-दहा जोड करून ठेवतात.

जे जोड टाळता येत नाहीत ते एका ठिकाणी आणा. ट्रॉलीच्या पुढच्या बाजूला, दांडीच्या (ट्रॅक्टरला जोडायच्या दांड्याच्या) वर, चिखल उडत नाही अशा उंचीवर एक झाकणाचा प्लॅस्टिक बॉक्स बसवा. सगळे जोड त्यात. वायर बॉक्समध्ये खालून किंवा बाजूने घाला, वरून कधीच नाही, आणि बॉक्सच्या बुडाला एक बारीक भोक ठेवा. भोकाने पाणी आत येईल अशी भीती सगळ्यांना वाटते. पण हवा गरम-गार होताना बॉक्सच्या आत दव धरतंच, त्याला बाहेर जायला वाट लागते.

क्रिंप करायचं की सोल्डर?

फिरत्या गाडीसाठी मी क्रिंप सांगेन, म्हणजे थिंबल (वायरच्या टोकाला बसणारं धातूचं कडं) किंवा बट कनेक्टर (दोन वायरी जोडणारी धातूची नळी) पकडीने दाबून बसवायचा. नीट दाबला तर तारा आणि नळी इतक्या एकजीव होतात की मध्ये हवाही राहत नाही.

सोल्डर, म्हणजे शिसं वितळवून जोडणं, वाईट नाही, पण त्यात एक खोड आहे. शिसं वितळलं की ते तारांमधून आवरणाच्या आत चढतं. तेवढी वायर काडीसारखी ताठ होते. पुढची वायर मऊ, ही ताठ, आणि जिथे दोन्ही मिळतात तिथेच रोज हादरा बसतो. दोन महिन्यांनी तार नेमकी तिथे तुटते, आणि आवरण शाबूत असल्यामुळे बाहेरून काही कळत नाही. सोल्डर केलाच, तर जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच वायर कशाला तरी बांधून हलणं बंद करा. शिसं नीट धरावं म्हणून लावायचा फ्लक्स राळेचा वापरा. पत्रेकाम करणारे आम्ल लावतात, ते नको, ते आत राहून तार खातं.

आणि कृपा करून आधी सोल्डर करून मग ती तार थिंबलमध्ये किंवा स्क्रूखाली दाबू नका. शिसं मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि पकड ढिली होते.

क्रिंप नीट कसा करायचा? आम्ही साध्या पकडीने ठोकतो, चालतं ना?

साध्या पकडीने नळी चपटी होते, तारा मात्र आत मोकळ्याच राहतात. पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणारी, खटक्याची क्रिंपिंग पक्कड मिळते. एकदा घेतली की जन्मभर पुरते. गावात दोघा-तिघांत मिळून घेतली तरी चालेल.

काम असं करा. वायरचं आवरण सहा ते आठ मिलिमीटर सोला, सोलायच्या पकडीनेच. ब्लेडने सोलताना बाहेरच्या तारा चिरल्या जातात. दीड एमएमच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या) ऑटो वायरमध्ये साधारण तीस बारीक तारा असतात, त्यातल्या सहा-सात तुटल्या तर वायर तेवढी बारीक झाली असं समजा. तारा हलक्या पिळा. दाबायच्या आधी हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी प्लॅस्टिकची नळी) वायरवर ओवून लांब सरकवून ठेवा. ही पायरी विसरून जोड झाल्यावर कपाळाला हात लावणारे आम्ही सगळेच आहोत.

कनेक्टर वायरच्या मापाचा घ्या. रंगीत आवरणाच्या कनेक्टरमध्ये लाल दीड एमएमपर्यंत, निळा दीड ते अडीच, पिवळा चार ते सहा. मोठ्या कनेक्टरमध्ये बारीक वायर दुमडून कोंबायची सवय सोडा. दोन्ही बाजू दाबल्या की जोरात ओढून बघा. हाताने ओढून निघाला तर तो जोड नव्हताच.

शेवटी स्लीव्ह जोडाच्या मधोमध आणा आणि गरम करा. दोन्ही टोकांना ती वायरच्या आवरणावर निदान अर्धा इंच चढली पाहिजे.

हीट श्रिंक आणि टेप यांत एवढा फरक काय?

साधी हीट श्रिंक नुसती आवळून बसते, पाणी अडवत नाही. आतून गोंद असलेली वेगळी मिळते, तिलाच पैसे द्या. गरम झाली की गोंद वितळतो आणि दोन्ही टोकांना त्याची बारीक कडी बाहेर दिसते. कडी दिसली की समजायचं, तोंड बंद झालं. मधून गरम करायला सुरुवात करून कडांकडे जा, म्हणजे हवा अडकत नाही. हॉट एअर गन नसेल तर लायटर चालेल, पण ज्योत खाली धरून फिरवत राहा. काळपट पडली तर जळाली.

नुसती पीव्हीसी टेप मी जोडावर वापरतच नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात तिचा गोंद पातळ होतो, टेप सुटते आणि आतल्या बाजूला धूळ चिकटते. वायरी एकत्र बांधायला ती ठीक आहे. स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप मात्र उत्तम. ती ताणून, जवळजवळ दुप्पट लांब करून गुंडाळायची, न ताणता गुंडाळली तर एकजीव होत नाही. तिच्यावरून उन्हापासून राखायला एक थर साध्या टेपचा.

जोडात सिलिकॉन सीलंट भरला तर?

ट्यूब उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तो तांब्याजवळ नेऊ नका. वाळताना त्यातून आम्ल सुटतं, आणि आपण ताकाचंच उदाहरण पुन्हा करतो. आंबट वास नसलेला, न्यूट्रल लिहिलेला सिलिकॉन चालतो.

अर्थची वेगळी वायर कशाला? ट्रॉली लोखंडाचीच आहे.

या एका प्रश्नावर मी दिवसभर बोलू शकतो.

ट्रॉलीच्या लोखंडातून अर्थ घेतला, तर करंटला ट्रॅक्टरकडे परत जायला एकच वाट राहते: हूक आणि पिन. त्या पिनेवर गंज, ग्रीस, माती. गाडी चालताना पिन हुकात खुळखुळते, तसतसा लाइट लागतो आणि जातो. ओझं असताना पिन घट्ट बसते म्हणून लाइट बरा लागतो, आणि रिकामी ट्रॉली परत येताना लुकलुकतो. असं होत असेल तर बाकी काही तपासू नका, अर्थच बघा.

दुसरी खूण आणखी पक्की. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो, किंवा इंडिकेटर दिला की मागचे सगळे दिवे एकदम फडफडतात. अर्थ तुटला की करंट दुसऱ्या बल्बच्या तारेतून उलटा शिरून परतीची वाट शोधतो. लोक अशा वेळी फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) बदलतात, स्विच बदलतात, एकाने तर ट्रॅक्टरचं सगळं वायरिंग बदलून घेतलं होतं. दोष होता एका गंजलेल्या स्क्रूचा.

म्हणून प्लगपासून प्रत्येक दिव्यापर्यंत अर्थची स्वतंत्र वायर न्या, आणि ती सगळ्यांत जाड ठेवा. बाकीच्या वायरी आपापलं ओझं नेतात, अर्थ सगळ्यांचं मिळून परत आणतो. चेसीला एक जोड हवाच असेल तर रंग खरवडून चकचकीत लोखंडावर थिंबल, दातेरी वॉशर, बोल्ट, आणि घट्ट केल्यावर वरून ग्रीस किंवा रंग.

वायर किती एमएमची घ्यावी? दोन ट्रॉल्या आहेत.

हिशेब करून बघा. ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा. दोन ट्रॉल्यांचे चार म्हणजे ८४ वॅट, १२ व्होल्टला ७ अँपियर. दोन ट्रॉल्यांची लांबी १४ मीटर धरली आणि वायर एक एमएमची घेतली, तर जाताना आणि परत येताना मिळून अडीच व्होल्टच्या आसपास वाटेतच खर्च होतात. बल्बचं गणित निष्ठुर आहे: व्होल्टेज पाचव्या हिश्श्याने घटलं की उजेड निम्म्यावर येतो. मागच्या ट्रॉलीचा दिवा लागलेला असतो, पण धुक्यातून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला तो दिसत नाही.

एका ट्रॉलीला दीड एमएम पुरते. दोन असतील तर पहिल्या ट्रॉलीतून जाणारी मुख्य वायर आणि अर्थ अडीच एमएम घ्या. वायर बारीक तारांची, लवचिक, पूर्ण तांब्याची. घरातल्या फिटिंगची एकेरी कडक तार हादऱ्याने तुटते. बोअरच्या मोटरची चपटी केबल उरलेली असते, ती वापरू का असं बरेच जण विचारतात. वापरा की! तिला दुहेरी आवरण असतं, पाण्यासाठीच बनलेली असते. तीनच तारा असतात एवढीच अडचण, दोन केबली समांतर टाकाव्या लागतात.

कलई केलेली तार काय असते? कुणीतरी सांगितलं की कोकणातले लोक तीच वापरतात.

ताक कळकू नये म्हणून भांड्याला कलई करतात, तशीच प्रत्येक बारीक तारेला कथलाची कलई असते. खाऱ्या हवेत, होड्यांवर तिचा खरा उपयोग. किनाऱ्याजवळ गाडी चालत असेल तर जास्तीचे पैसे वसूल होतात. घाटमाथ्यावर उसाच्या ट्रॉलीला साधी तांब्याची वायर आणि बंद तोंडाचे जोड पुरतात.

सात पिनांच्या प्लगमध्ये कोणती वायर कुठे?

१२ व्होल्टच्या गोल सात पिनी सॉकेटची प्रचलित मांडणी अशी: १ डावा इंडिकेटर, २ जादा किंवा फॉग लाइट, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा मागचा दिवा, ६ ब्रेक, ७ डावा मागचा दिवा. आकडे प्लगच्या आत पिनेजवळ बारीक अक्षरात कोरलेले असतात, टॉर्च लावून बघा. रंगावर भरवसा ठेवू नका. तुमच्या आधी कुणी कोणत्या रंगाची वायर हाताला लागली म्हणून जोडली असेल, देव जाणे. दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने आणला की या मांडणीची किंमत कळते.

प्लगच्या आत वायर स्क्रूखाली दाबतात, तिथे सुट्या तारांऐवजी टोकाला छोटी नळी क्रिंप करून घाला. सॉकेटमध्ये सिलिकॉन ग्रीस भरा. ट्रॅक्टर सुटल्यावर प्लग जमिनीवर लोळत ठेवू नका. दांडीवर एक रिकामं सॉकेट बसवून त्यात तो खोचा, तोंड खाली करून.

एलईडी लावल्या तर हे सगळं टळेल का?

थोडं टळेल. एलईडी फार कमी करंट घेते, त्यामुळे लांब वायरमध्ये व्होल्टेज फारसं पडत नाही, आणि तिला तुटणारी तार नसते. पण पाणी तिच्यातही शिरतं, जोड तिचेही कळकतात. बंद साच्यातली, वायर बाहेर काढलेली घ्या. जुन्या फ्लॅशरवर इंडिकेटर भरभर लागतो किंवा लुकलुकतच नाही, कारण फ्लॅशरला ओझंच जाणवत नाही. एलईडीचा फ्लॅशर बसवला की काम झालं.

वायर कुठून न्यावी?

ट्रॉलीखालच्या लोखंडी चॅनलच्या आतल्या बाजूने, वरच्या कोपऱ्यातून. कारखान्यात क्रेन मोळ्या उचलते तेव्हा वायररोप ट्रॉलीच्या कडेने खेचला जातो आणि बाहेरून नेलेली वायर त्याच्याबरोबर जाते. फाळक्याच्या (ट्रॉलीच्या उघडणाऱ्या फळीच्या) बिजागरीजवळूनही नको. पाचट अडकून ओढलं जातं.

फ्लेक्सिबल पाइपात घाला, पण पाइपच्या सगळ्यात खालच्या जागी भोक पाडा. दर हातभर अंतरावर क्लिप. दिव्यात शिरण्याआधी वायरला खाली एक वळसा द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी वळशाच्या बुडाला गळून पडतं, दिव्यात जात नाही. दांडीजवळ मात्र वायर सैल हवी. ट्रॉली पूर्ण वळवून बघा, ताण येत नाही आणि जमिनीलाही घासत नाही एवढी.

उंदरांवर माझ्याकडे औषध नाही. हंगाम संपल्यावर ट्रॉलीत वाढे आणि पाचट तसंच पडलेलं असतं, उंदीर त्यात घर करतात. झाडून ठेवा, एवढंच.

वेल्डिंग करताना काय काळजी घ्यायची?

प्लग काढा. ट्रॅक्टर दूर न्या. वेल्डिंगची अर्थ चिमटी जिथे वेल्डिंगचा डाग द्यायचा त्याच्या अगदी जवळ लावा. चिमटी मागे आणि डाग पुढे असेल, तर वेल्डिंगचा करंट तुमच्या अर्थच्या वायरीतून वाट काढू शकतो. जून-जुलैत ट्रॉल्या डागडुजीला लागतात आणि ऑक्टोबरमध्ये वितळलेल्या वायरी घेऊन आमच्याकडे येतात.

मीटर १२ व्होल्ट दाखवतो, तरी बल्ब लागत नाही. मीटर खराब का?

मीटर ठीक आहे. तो नावापुरताच करंट घेतो. जोडावर हिरवा थर चढून तारा नावापुरत्याच टेकल्या असल्या तरी मीटरला १२ व्होल्ट दिसतात, पण बल्बला हवे ते पावणेदोन अँपियर त्या थरातून जात नाहीत. म्हणून बल्ब लावून, चालू ठेवून मोजा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं दिव्याच्या अर्थला. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थमध्ये दोष. मीटर नसेल तर होल्डरला दोन वायरी लावलेला २१ वॅटचा बल्ब घ्या, तो खोटं बोलत नाही.

रिफ्लेक्टर आहे, मग लाइट कशाला?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दिवे आणि रिफ्लेक्टर दोन्ही सांगितले आहेत. रिफ्लेक्टर दुसऱ्याच्या उजेडावर चमकतो, आणि उसाची टोकं मागे लोंबली की झाकला जातो. तुम्ही ब्रेक दाबलात हे तो कुणाला सांगत नाही.

रात्री वाटेतच लाइट गेली तर?

गाडी रस्त्याच्या खाली घ्या, मागे दिसेल असं काहीतरी लावा, मग आधी प्लग काढून-घालून बघा, फ्यूज बघा. फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच अँपियरचा घाला, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू नका. पेटीत चार-पाच बट कनेक्टर, पक्कड, रबरी टेप आणि दोन बल्ब असले की अर्ध्या तासात निघता येतं. काहीच नसेल तर पिळून टेप मारा, वेळ निभावून न्या, पण त्या जोडावर एक लाल चिंधी बांधा, म्हणजे दिवसा आठवण राहील. हंगाम संपल्यावर आमच्याकडे येणाऱ्या एकेका ट्रॉलीवर अशा तीन-तीन चिंध्या असतात. मालक म्हणतो, "लाइट लागतेय की!" मी आधी चिंध्या मोजतो, मग कामाचे पैसे सांगतो.